सातव्या नियमाखालची ओळ

शामरावांचा फोन आला तेव्हा मी व्हरांड्यात काट्याशी भांडत होतो. हो, भांडतच होतो. माणसांशी भांडून कंटाळा आला की मी वस्तूंकडे वळतो, असं माझी बायको मधुमती म्हणते. पण हा काटा काही साधी वस्तू नाही. जयपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला जुना काटा, खाली लोखंडी पाट, वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. एकतीस वर्षं मी पार्सल बाबू होतो, त्यातली बावीस वर्षं ह्याच्यापुढे उभं राहून काढली. रेल्वेनं तो भंगारात काढला तेव्हा मी लिलावात घेतला आणि बनी पार्कला घरी आणून ठेवला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. पाटावर काही नव्हतं, सरकतं वजन शून्यावर होतं. अशा वेळी दांडी मधोमध तरंगायला हवी. ती टक् करून वर जाऊन चिकटली होती. मी वजन पुढे सरकवत नेलं. पाच, आठ, दहा. अकरा किलोला दांडी शांतपणे तरंगली.

"उतर ना आता," मी म्हणालो. "किती दिवस बसणार आहेस?"

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार भाऊ, शामराव बोलतो. रविवारच्या रेसमध्ये आमच्या अक्षदाचं नाव लिहून घ्याल. चौदाची झाली ती. सही माझी आहे."

मी विचारलं, "यमुनावहिनी हो म्हणाल्या?"

"नाही म्हणत होती. पण पोरगी ऐकत नाही जी. मग म्हणाली, मी पण येतो. घरी बसून फोनची वाट पाहण्यापेक्षा तिथं उभी राहते."

फोन ठेवला तेव्हा दांडी पुन्हा वर गेलेली होती. मी वजन अकरावरून हलवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आता सगळं नीट सांगतो, कारण अर्धवट सांगायची खोड मला फार महागात पडली आहे.

जयपूरबाहेर चौमूंच्या पुढे पवनजींचा एक छोटा सिमेंटचा ट्रॅक आहे. आधी तिथं पोरं खेळण्यातल्या गाड्या चालवायची. नंतर आम्ही काही हौशी लोकांनी तिथं सव्वाशे सीसीच्या आतल्या मोटारसायकलींच्या शर्यती सुरू केल्या. रोज ऑफिसला न्यायची तीच गाडी, आरसे आणि दिवे काढून टाकायचे की झाली तयार. चौदा वर्षांच्या पोरापासून साठीच्या माणसापर्यंत कुणीही यावं. एकाच शर्यतीत आजोबा आणि नातू, हीच त्यातली गंमत होती.

पण गंमत फार दिवस टिकली नाही, कारण पोरं जिंकायला लागली. साहजिकच आहे. इंजिन सगळ्यांचं तेवढंच, आणि पोर अडतीस किलोचं, तर चारदीवारीतले, म्हणजे जुन्या शहरातले, आमचे जौहरीसाहेब ब्याण्णव किलोचे. सरळ रस्त्यावर पोरं भुर्रकन पुढे जायची. जौहरीसाहेब दर वेळी हेल्मेट आपटून म्हणायचे, ये तो नाइन्साफी है. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हणायचो. पण त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. मग सर्वांनी मिळून नियम करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणे बाबूजी का हिसाब पक्का होता है. आणि मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

एका जाड वहीत मी बारा नियम लिहिले. हिंदीत, माझ्या अक्षरात, प्रत्येक नियमाखाली एक-दोन ओळी मोकळ्या सोडून, ऑफिसात लिहायची सवय होती तसे. इंजिन उघडायचं नाही, टायर एकाच जातीचे, वगैरे. सातवा नियम वजनाचा. गाडी, स्वार आणि त्याचं हेल्मेट-जाकीट सगळं मिळून एकशे पासष्ट किलोच्या खाली नको. कमी भरलं तर तेवढं वजन सोबत न्यायचं. जौहरीसाहेबांना एकशे ऐंशी हवं होतं, पोरांच्या आयांना काहीच नको होतं. मी मधलं धरलं. सगळ्यांना पटलं. त्या दिवशी मला कोण अभिमान वाटला होता!

शर्यतीच्या सकाळची एक पद्धतही आम्ही ठरवली. माझ्या काट्यावर सगळ्यांचं वजन झालं की मी वही उघडून बाराही नियम मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक नियमानंतर सगळ्या स्वारांनी एका आवाजात म्हणायचं, मंजूर. मग लहानमोठं कुणी राहत नाही, मंजूर म्हणणारे सगळे सारखे.

शामराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मूळ वर्ध्याकडचे. त्यांचा संकल्प तेव्हा चौदाचा होता. किडकिडीत, बोलका, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारा. त्याची गाडी आणि तो मिळून एकशे चोपन्न भरायचे. अकरा किलो कमी. शामरावांनी कुठूनतरी शिसं आणलं, वितळवलं आणि जुन्या इडलीपात्रात ओतून त्याच्या अठरा इडल्या पाडल्या. यमुनावहिनी आठवडाभर इडलीपात्रासाठी हळहळत होत्या. मग शामराव अजमेरला ट्रेनिंगला गेले, आणि इडल्या तशाच राहिल्या.

मकरसंक्रांतीच्या आधल्या आठवड्यात पोरगा माझ्याकडे आला. मी व्हरांड्यात बसून पेन्शनच्या कागदांवर चरफडत होतो.

"काका, वो वजन कुठे लावायचं? पप्पा तर घरी नाहीत."

मी मान वर न करता म्हणालो, "अरे वजन ते वजन. गाडीला लाव नाहीतर अंगावर बांध. काट्याला काय कळतंय?"

हे मी म्हणालो. ह्याच तोंडानं. एकतीस वर्षं पार्सल तोलणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार काय? डब्यात पेटी वर ठेवली काय आणि खाली ठेवली काय, पावतीवर आकडा तोच. पेटी पडून मरत नाही.

पोरानं घरी जाऊन आईला सांगितलं, काका म्हणाले अंगावर बांधलं तरी चालतं. वहिनींनी जुन्या जीनच्या कापडाची बंडी शिवली. छातीवर नऊ खिसे, पाठीवर नऊ. प्रत्येक खिशाला दुहेरी शिवण आणि बटण. शर्यतीच्या सकाळी संकल्प माझ्यापुढे उभा राहिला, जाकिटाची चेन उघडली आणि म्हणाला, "काका, देखो ना, मम्मीनी किती सुंदर शिवलंय."

मी खिसे मोजले. म्हणालो, "वा रे वा, तुझी आई तर कारखाना काढू शकेल." दांडी एकशे पासष्टला तरंगली. मी रजिस्टरात लिहिलं, पास.

शामराव अजमेरहून थेट ट्रॅकवर आले होते. त्यांनी बंडी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय रे? अंगावर?" पोरगा म्हणाला, "उमाकांतकाकांनी सांगितलंय." उमाकांतकाका म्हणजे मी. दहा हातांवर होतो, मला ऐकू आलं. शामरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. त्यांना वाटलं, बाबू माणूस आहे, विचार करूनच सांगितलं असेल.

चौथ्या फेरीत हळू वळणावर संकल्प पडला. त्या वळणावर पोरं दिवसातून तीनदा पडतात आणि अंग झटकून उठतात. वेग जेमतेम चाळीसचा होता. तो उठला नाही. अकरा किलो शिसं त्याच्या छातीत उतरलं होतं. चौमूंच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

आता पुढचं. हे सांगायला चार वर्षं लागली.

त्याच दिवशी संध्याकाळी पवनजींचा फोन आला, उद्या पोलीस नियमांची वही बघायला मागणार आहेत. मी वही उघडली. सातव्या नियमाखाली दोन ओळी मोकळ्या होत्या. माझी सवय. मी तेच पेन घेतलं, त्याच शाईत, त्याच अक्षरात लिहिलं: वजन गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं घट्ट बसवलेलं असावं, अंगावर वजन बांधण्यास सक्त मनाई. एक ओळ. बरोबर मावली.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही तपासलं नाही का? मी म्हणालो, त्यानं जाकिटाच्या आत लपवलं होतं, मला दिसलं नाही.

तेराव्या दिवशी शामराव घरी आले. ते बौद्ध, त्यांच्यात तेरावं नसतं, पण दिवस तोच होता म्हणून माझ्या लक्षात राहिला. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "भाऊ, एकच विचारतो. तुम्ही पोराला सांगितलं होतं का, अंगावर बांध म्हणून?"

मी म्हणालो, "मी असं कसं सांगेन, शामराव? नियमातच लिहिलंय. तुम्ही वही बघा."

त्यांनी वही पाहिली नाही. मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे खोटं बोललं पोरगं. मरायच्या आधी बापाशी खोटं बोललं." आणि चप्पल घालून निघून गेले.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहिली आणि तिकडे एका घरात मेलेलं पोर खोटारडं ठरलं. यमुनावहिनींनी शिवणयंत्र विकून टाकलं, हे मला मधुमतीकडून कळलं. वहिनी तिला म्हणाल्या होत्या, "मलेही फसवलं त्यानं. काका म्हणाले म्हणून सांगितलं. मी आपलं शिवत बसली." मधुमती हे सांगताना रडली. मी पेपर वाचत होतो. वाचत म्हणजे काय, पेपर धरून बसलो होतो.

त्याच उन्हाळ्यात काटा सुरू झाला.

पहिल्यांदा दुपारी झोपेत आवाज आला, टक्. बाहेर येऊन पाहतो तर दांडी वर. वाटलं, उंदीर असेल. पाट झाडला, खाली वाकून पाहिलं, काही नाही. अकरा किलो. दुसऱ्या दिवशी नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा, साडेतीनलाच. चारदीवारीतून एका म्हाताऱ्या काटेवाल्याला बोलावलं. त्याची चार पिढ्यांची हीच विद्या. त्यानं दांडी काढली, तेल दिलं, आपली वजनं ठेवून पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "काँटा सच्चा है बाबूजी. ऊपर कुछ रखा हो तो हटा लीजिए."

पाटावर काही नव्हतं. त्यालाही ते दिसत होतं. तरी तो तसं म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मधुमतीला मी एकदा बोलवून दाखवलं. तिला दांडी सरळ दिसली. "चोराच्या मनात चांदणं हो तुमच्या," ती हसत म्हणाली. तिला काय माहीत! ती आत गेली आणि दांडी टक् करून वर गेली.

वर्षभरानं शर्यती पुन्हा सुरू झाल्या. मी नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हटलं तर लोक कारण विचारतील, ह्या भीतीनं हो म्हणालो. आठ शर्यतींत मी ती वही वाचली. सातवा नियम आला की ती ओळही वाचली. सगळे म्हणायचे, मंजूर. प्रत्येक वेळी एक आवाज जास्त यायचा. बारीक, फुटू लागलेल्या गळ्याचा. मी स्वार मोजायचो. चौदा स्वार, पंधरा आवाज. वय झालं की कानात काय काय वाजतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

रविवारी सकाळी टेम्पोतून काटा चौमूंला नेला. संक्रांत नुकतीच झालेली, ट्रॅकभर पतंगांचा मांजा अडकलेला. सगळे स्वार, जौहरीसाहेबसुद्धा, वाकून मांजा गोळा करत होते, कारण तो गळ्याला लागला तर कापतो. अक्षदा त्यांच्यात होती. तिला मी दहा वर्षांची पाहिली होती. आता तिचं नाक, तिची मान, सगळं भावाचं झालं होतं. यमुनावहिनी कुंपणाशी ट्रॅककडे पाठ करून उभ्या होत्या. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. माझ्यावर त्यांचा काही राग नव्हता, आणि तेच मला सोसत नव्हतं.

वजनाची वेळ झाली. शामरावांनी या वेळी काम चोख केलं होतं. सीटखाली लोखंडी पट्टी, चार बोल्ट, त्यावर शिशाची एक सपाट लादी. पण फिटरच ते, आधी लादी न लावता तोलायचं म्हणाले, म्हणजे नेमकं किती कमी पडतं ते कळेल. अक्षदा गाडीसकट पाटावर चढली. हेल्मेट घातलेलं, पाय दोन्ही बाजूंना.

"कारखान्यात तोललंय मी," शामराव म्हणाले. "एकशे चोपन्न भरते."

मी वजन एकशे चोपन्नला लावलं. टक्. दांडी वर. एकशे साठ. वर. एकशे पासष्टला ती तरंगली.

ह्या वेळी मला एकट्याला दिसत नव्हतं. शामराव पाहत होते, पवनजी पाहत होते, मागे रांगेत उभे असलेले जौहरीसाहेबही पाहत होते.

"असं कसं?" शामराव म्हणाले. "बेटा, उतर. गाडी पण उतरव." रिकाम्या पाटावर त्यांनी स्वतः वजन सरकवलं. अकरा. ते दांडीकडे पाहत होते. ते काय ओळखत होते, मला माहीत नाही. आकडा तर त्यांना पाठ होता. मग ते हळूच म्हणाले, "भाऊ, तुमचा काटा अकरा किलो खोटा आहे."

"काटा खोटा नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग?"

 पवनजी म्हणाले, अकरा वजा करून लिहून टाका बाबूजी, देर हो रही है. मी तसं लिहिलं. 

अक्षदा हेल्मेट काढून माझ्याजवळ आली. "काका, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. "मी भैयासारखी नाही. मतलब, मी झूठ नाही बोलणार. जो नियम है, तसंच करणार. पप्पांना मी प्रॉमिस केलंय."

देवा रे! तिला वाटलं, ती मला धीर देते आहे.

मग नियमवाचन. स्वार अर्धगोलात उभे राहिले, त्यांच्या मागे घरची माणसं. मी वही उघडली. पहिला नियम, मंजूर. दुसरा, मंजूर. मी आवाज मोजत होतो. सोळा स्वार, सतरा आवाज. सहाव्यानंतर मी पाणी प्यायलो. सातवा वाचला, एकशे पासष्ट किलोचा. मंजूर. मग ती ओळ आली. अक्षदा सरळ माझ्याकडे पाहत होती, मंजूर म्हणायला तोंड उघडून तयार. हे पोर आता ह्या ओळीला मंजूर म्हणणार, म्हणजे भाऊ खोटा होता ह्यालाच मंजूर म्हणणार, आणि तेही माझ्या तोंडून ऐकून.  छातीवर कुणी बसल्यासारखं झालं होतं.

मी वही मिटली. हिंदी सोडली आणि मराठीत बोललो. तिथं मराठी कळणारी माणसं तीनच होती.

"वहिनी, शामराव. ही ओळ त्या दिवशी वहीत नव्हती. संकल्प गेला त्या संध्याकाळी मी ती लिहिली. अंगावर बांध म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, माझ्या व्हरांड्यात. सकाळी त्यानं चेन उघडून बंडी मला दाखवली. मी खिसे मोजले, वहिनी. शिवण छान आहे म्हणालो. तो तुमच्याशी एक अक्षरही खोटं बोलला नाही. खोटं मी बोललो. पोलिसांशी, तुमच्याशी, सगळ्यांशी."

 बाकीच्यांना कळेना बाबूजी काय म्हणतात ते. शामरावांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं ते मारतील, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं.

यमुनावहिनी पुढे आल्या. स्वारांच्या मधून वाट काढत थेट माझ्यासमोर.

"खोटं नोतं बोललं माह्यं पोरगं?"

"नाही, वहिनी."

"काका म्हणाले, असं म्हणाला होता तो. तुम्ही म्हणाले होते?"

"मी म्हणालो होतो."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "चार वर्षं मी त्याच्या फोटोशी बोलली नाही, बाबूजी," त्या म्हणाल्या. "चार वर्षं. मेणबत्ती लावतो आणि मान फिरवतो." त्यांचा आवाज चढला नाही. मग त्यांनी सगळ्यांकडे हात केला. "आता ह्यायलेही सांगा. तेव्हा खोटं सांगितलं होतं, तसंच हिंदीत. सगळ्यायसमोर."

मी पुन्हा सांगितलं. हिंदीत. पहिल्यापेक्षा जड गेलं. जौहरीसाहेबांनी हेल्मेट खाली ठेवलं. पवनजी म्हणाले, बाबूजी, ये आपने क्या किया. अक्षदा मान खाली घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

सांगून झालं तेव्हा शामरावांनी माझ्या हातातून वही घेतली. सातव्या नियमाचं पान काढलं, वही माझ्यापुढे धरली आणि खिशातलं पेन उघडून दिलं.

"ह्या ओळीपुढे तारीख टाका," ते म्हणाले. "खरी."

मी तारीख टाकली. पोराच्या मरणाची तारीख, आणि खाली माझी सही. त्यांनी ती वाचली, वही मिटली आणि पवनजींच्या हातात दिली. पोलीस पुन्हा बोलावतील. बोलावू देत, जाईन.

तेवढ्यात टक् असा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. काट्याजवळ कुणी नव्हतं. सरकतं वजन शून्यावर होतं, मघाशी मीच आणून ठेवलेलं, आणि दांडी वर चढलेली होती. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की सुटेन. कसलं काय! तो तिथंच होता.

यमुनावहिनी काट्यापाशी गेल्या. त्यांना काटा कसा वाचतात ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्या उकिडव्या बसल्या, रिकाम्या पाटावर हात ठेवला आणि पोराची समजूत काढतात तशा खालच्या आवाजात बोलल्या.

"उतर रे राजा. झालं तुह्यं वजन. चाल, घरी चाल."

त्यांनी हात उचलला. दांडी खाली आली, एकदा डोलली आणि मधोमध थांबली.

त्या दिवशी शर्यत झाली नाही. शामरावांनी गाडी आपल्या टेम्पोत चढवली. अक्षदा पुढे बसली. माझ्याशी कुणी काही बोललं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते योग्यच होतं. यमुनावहिनी मागे बसणार होत्या. बसण्याआधी त्या बाजूला सरकल्या, कुणाला तरी आधी चढू देतात तशा थांबल्या, आणि मग स्वतः चढल्या.